‘सायबर हल्ला झालाय’ असा मेसेज आला की तो तपासायचा कसा? सोलापुरात बसून, पायरीपायरीनं

९ मे २०२५ ची रात्र आठवतीय का? ऑपरेशन सिंदूर होऊन दोन दिवस झालेले, टीव्हीवर सायरनचे आवाज, आणि फॅमिली ग्रुपवर एकामागोमाग एक मेसेज येतायत की एटीएम दोन-तीन दिवस बंद राहणार, रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा) हल्ला झालाय, ‘डान्स ऑफ द हिलरी’ नावाचा व्हिडिओ आला तर उघडू नका फोन साफ होईल. माझे मामा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे लूम चालवतात. रात्री साडेदहाला त्यांचा फोन, "अरे, उद्या कामगारांचा पगार करायचाय, आत्ताच जाऊन पैसे काढून आणू का?"

मी म्हटलं, मामा, दहा मिनिटं थांबा. त्या दहा मिनिटांत जे केलं तेच इथं नीट मांडतोय, कारण ती पद्धत माझी नाही, जगभरातल्या गुप्तचर यंत्रणांमधले विश्लेषक वर्षानुवर्षं साधारण असंच काम करतात आणि ती शिकायला दिल्लीला जावं लागत नाही. मी कॉम्प्युटर शिकवतो, रविवारी सकाळी सात-आठ पोरं-पोरी सात रस्त्याजवळ क्लासवर बसतात, एक जुनी घटना घ्यायची आणि ती सोलत जायची. लागतं काय, तर एक लाँग बुक, एक पेन, एक पेन्सिल, नेट.

आणि कुणाला वाटत असेल की राष्ट्रीय सायबर धोक्याशी सोलापूरचा काय संबंध, तर एवढंच लक्षात घ्या की ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर–सोलापूर ही ७६५ केव्हीची लाइन सुरू झाली आणि तिनंच दक्षिणेची ग्रिड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडली. फताटेवाडीला एनटीपीसीचा १३२० मेगावॉटचा प्लांट आहे. म्हणजे देशाच्या विजेची एक मोठी गाठ आपल्या दारात आहे.

पायरी १ : प्रश्न लिहून काढा

बहुतेक जण इथंच चुकतात. "भारतावर सायबर हल्ला होतोय का?" याला उत्तरच नाही, कारण तो रोजच होतोय. मामांसाठी मी लिहिलेला प्रश्न असा होता : पुढच्या २४ तासांत सोलापुरातल्या एटीएममधून पैसे निघतील का? यात जागा आहे, मुदत आहे, आणि उद्या रात्री हो किंवा नाही असं सांगता येतं. प्रश्नाखाली हेही लिहा की उत्तर कुणाला पाहिजे आणि तो त्यावरून काय करणार आहे. मामांना पगार करायचा होता. ज्याच्या उत्तरावरून कुणीच काही करणार नाही तो प्रश्न रात्री साडेदहाला सोडवत बसू नका.

पायरी २ : माणूस वेगळा तपासा, माहिती वेगळी तपासा

लष्करी गुप्तचर खात्यांत एक जुनी पद्धत आहे, माहिती देणाऱ्याला ए ते एफ अशी श्रेणी द्यायची आणि माहितीला १ ते ६ असा आकडा. ए म्हणजे पूर्ण भरवशाचा, एफ म्हणजे त्याच्याबद्दल ठरवताच येत नाही. १ म्हणजे दुसरीकडूनही पक्की झालेली माहिती, ६ म्हणजे खरी-खोटी सांगता येत नाही. दोन्ही वेगवेगळं का, तर भरवशाचा माणूसही चुकीची माहिती पुढं ढकलू शकतो. मेसेज ज्या काकांनी टाकला ते अतिशय सज्जन, त्यांच्याबद्दल शंका नाही, पण त्यांना तो कुठून आला, तर दुसऱ्या ग्रुपवरून, त्यांना तिसऱ्या. मूळ माणूस सापडतच नाही म्हणजे श्रेणी एफ, आणि माहिती ६. केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती खात्याच्या फॅक्ट चेकनं त्याच दिवसांत एटीएमचा दावा खोटा असल्याचं सांगितलं होतं, ते बघितल्यावर आकडा ५ वर आणला, म्हणजे बहुधा खोटं.

इथं सगळ्यात मोठा सापळा म्हणजे एकाच विहिरीचं पाणी पाच घागरींत भरलेलं असतं आणि आपल्याला वाटतं पाच विहिरी आहेत. पाच चॅनलनी दाखवलं म्हणून पाच पुरावे होत नाहीत. प्रत्येक बातमीत ‘कुणाच्या हवाल्यानं’ ही ओळ शोधा, आणि सगळ्यांच्या हवाल्याला एकच नाव निघालं तर वहीत एकच पुरावा मांडा.

आकड्यांचंही तसंच. मे २०२५ मध्ये महाराष्ट्र सायबर या राज्याच्या विभागानं सांगितलं की देशातल्या वेबसाइट वगैरेंवर १५ लाखांहून जास्त हल्ले झाले आणि त्यातले फक्त १५० यशस्वी झाले. हेडलाइनमध्ये १५ लाख मोठं दिसतं, पण १५० म्हणजे दहा हजारात एक. आणि ‘हल्ला’ म्हणजे काय मोजलं? कुणीतरी पासवर्ड लावून बघितला तोही एक आणि सर्व्हर आतून पोखरला तोही एकच, हे दोन्ही एका बेरजेत घातले तर त्या बेरजेवरून धोक्याचा अंदाज येत नाही. म्हणून मोठा आकडा दिसला की वहीत आकड्याशेजारी ‘एकक काय?’ असं लिहायचं, आमच्या पोरांना ही सवय लागलीय.

पायरी ३ : तारखा एका रांगेत लावा

घुसखोरी झाली ती तारीख, ती लक्षात आली ती तारीख, आणि ती आपल्याला कळली ती तारीख, या तीन वेगळ्या असतात आणि बातमीत तिसरीच मोठ्या अक्षरात येते. कुडनकुलम अणुऊर्जा प्रकल्पाचं बघा. बातमी फुटली २८ ऑक्टोबर २०१९ च्या आसपास. २९ ला प्रकल्पाकडून खुलासा आला की कंट्रोल सिस्टिम बाहेरच्या नेटवर्कला जोडलेलीच नाही त्यामुळं त्यावर हल्ला शक्य नाही. ३० ला प्रकल्प चालवणाऱ्या एनपीसीआयएल या सरकारी कंपनीनं मान्य केलं की मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, सापडलं होतं, पण ते प्रशासकीय कामाच्या नेटवर्कला जोडलेल्या एका पीसीवर, आणि सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेनं ते ४ सप्टेंबरलाच कळवलं होतं. म्हणजे आपल्याला कळायच्या जवळपास आठ आठवडे आधी.

आता २९ तारखेचा खुलासा परत वाचा. लोक विचारत होते मालवेअर सापडलं का, उत्तर आलं कंट्रोल सिस्टिमबद्दल. ते उत्तर खोटं नव्हतं, दुसऱ्याच प्रश्नाचं होतं. सरकारी खुलासा आला की त्यातलं प्रत्येक नाम अधोरेखित करायचं, कुठलं नेटवर्क, कुठली सिस्टिम, कधीपासून कधीपर्यंत. नेमका जो शब्द गाळलाय तिथं बोट ठेवायचं.

आणखी एक, परदेशी रिपोर्टमधल्या वेळा यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतात, त्यात साडेपाच तास मिळवा. साधी गोष्ट आहे पण यावरून अख्खा क्रम उलटा लागलेला मी बघितलाय.

पायरी ४ : किमान तीन गोष्टी रचा, मग पाडायला घ्या

ही पायरी सावकाश वाचा. माणसाच्या मनात पहिली गोष्ट बसली की पुढचा प्रत्येक पुरावा तिलाच जाऊन चिकटतो. यावर उपाय म्हणून सीआयएमध्ये काम केलेल्या रिचर्ड्स ह्यूअर यांनी एक पद्धत बसवली, स्पर्धक शक्यता शेजारीशेजारी मांडायच्या आणि पुरावा कुठल्या शक्यतेच्या ‘विरुद्ध’ जातो ते बघायचं. ज्याच्या बाजूनं जास्त पुरावे ते जिंकत नाही, ज्याच्या विरुद्ध कमी पुरावे ते टिकतं.

आम्ही यासाठी १२ ऑक्टोबर २०२० घेतला. त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मुंबईची वीज गेली, लोकल थांबल्या. दोनच दिवसांत राज्याचे तेव्हाचे ऊर्जामंत्री नितीन राऊत यांनी घातपाताचा संशय बोलून दाखवला. मग २८ फेब्रुवारी २०२१ ला रेकॉर्डेड फ्यूचर या अमेरिकी कंपनीचा रिपोर्ट आला की चीनशी संबंधित ‘रेडएको’ नावाच्या गटानं भारतातल्या वीज क्षेत्रातल्या दहा ठिकाणी आणि दोन बंदरांत शिरकाव केलाय. त्या यादीत पाचपैकी चार रिजनल लोड डिस्पॅच सेंटर (ग्रिडमधल्या विजेचा तोल सांभाळणारी केंद्रं) होती आणि एनटीपीसीचा कुडगीचा प्लांटही होता, कुडगी म्हणजे विजापूर जिल्हा, आपला शेजार. दुसऱ्या दिवशी राज्याचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी राज्य सायबर विभागाच्या अहवालाचा हवाला दिला की १४ ट्रोजन हॉर्स (साळसूद वेषात शिरणारं मालवेअर) सोडले गेले असण्याची आणि ८ जीबी बेहिशेबी डेटा आला असण्याची शक्यता आहे. त्यानंतर तेव्हाचे केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह म्हणाले की वीज गेली ती मानवी चुकीमुळं, आणि तपास करणाऱ्या एका टीमच्या मते सायबर हल्ले झाले होते पण त्यांचा मुंबईच्या विजेशी संबंध नव्हता.

आता वहीत तीन उभे रकाने पाडा. अ : घुसखोरी नव्हती, ग्रिडमध्येच बिघाड झाला. ब : घुसखोरांनी वीज घालवली. क : घुसखोरी होती, बिघाडही झाला, पण एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. डाव्या बाजूला पुरावे लिहा आणि प्रत्येक चौकोनात बसतो, बसत नाही, किंवा सांगता येत नाही एवढंच लिहा.

पहिला पुरावा, कळवा–पडघे ४०० केव्ही लाइनचं एक सर्किट मेंटेनन्सला होतं आणि लोड दुसऱ्यावर होता. अ आणि क मध्ये व्यवस्थित बसतो. ब मध्ये अडतो, कारण वीज कशी गेली हे सांगायला हॅकर लागतच नाही. दुसरा, लोड डिस्पॅच सेंटरच्या नेटवर्कवर शॅडोपॅड मालवेअरच्या खुणा. हा अ च्या विरुद्ध जातो, पण ब आणि क मध्ये फरक करत नाही, आणि गंमत म्हणजे टीव्हीवर सगळ्यात जास्त हाच चालला. तिसरा, जून २०२० मध्ये गलवान झालं होतं आणि त्यानंतर चार महिन्यांत हे घडलं. हा तिन्हीत बसतो, म्हणून तो खोडून टाका. तिन्ही रकान्यांत बसणारा पुरावा कितीही चमकदार असला तरी तो काहीच सांगत नाही, पोरांना हे पटायला दोन रविवार लागले.

चौथा पुरावा महत्त्वाचा, तो म्हणजे जो असायला हवा होता आणि दिसला नाही तो. २३ डिसेंबर २०१५ ला युक्रेनमध्ये खरोखर हॅकिंगनं वीज घालवली होती, साधारण सव्वादोन लाख ग्राहक अंधारात गेले. तिथं ऑपरेटरच्या डोळ्यांसमोर स्क्रीनवरचा कर्सर आपोआप फिरत ब्रेकर उघडत होता, म्हणजे वीज तोडत होता, कंपनीच्या फोन लाइनवर खोट्या कॉलचा पूर आला होता, नंतर कॉम्प्युटर पुसून टाकले. इतक्या खुणा मागं राहिल्या. मुंबईच्या बाबतीत घुसलेल्या कॉम्प्युटरवरून ब्रेकरला कमांड गेली असा पुरावा जाहीर झालेला नाही, आणि खुद्द रेकॉर्डेड फ्यूचरनंही वीज जाण्याशी संबंध सिद्ध झालेला नाही असंच लिहिलं होतं, ती ओळ मात्र फार कमी ठिकाणी छापली गेली.

मग राहतं काय? अ ला मालवेअर पाडतं, ब ला कमांडचा अभाव आणि मेंटेनन्स पाडतात, क उभं राहतं. पण क म्हणजे ‘काही झालंच नाही’ असं अजिबात नाही हो. घुसखोर वीज न घालवता नुसता आत बसून राहतो याचा अर्थ त्याला ते दार पुढं कधीतरी वापरायचंय, आणि विश्लेषक म्हणून मला ते जास्त काळजीचं वाटतं. त्या दिवसांत अख्खी चर्चा ‘वीज चीननं घालवली की नाही’ यावर झाली आणि आत कोण कशासाठी बसला होता हा प्रश्न बाजूला पडला, याचं मला आजही वाईट वाटतं.

पायरी ५ : ‘कुणी केलं’ याला सगळ्यात शेवटी हात घाला

फेब्रुवारी २०१८ मध्ये प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनालाच सिस्टिम कोसळल्या. मालवेअरमध्ये उत्तर कोरियाच्या लाझारस गटाची म्हणून ओळखली जाणारी खूण सापडली, सगळ्यांचं बोट तिकडं गेलं. ती खूण मुद्दाम पेरलेली निघाली, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेनं रशियाच्या लष्करी गुप्तचर खात्यातल्या सहा अधिकाऱ्यांवर जे आरोपपत्र ठेवलं त्यात हाही हल्ला होता. गुन्हेगार दुसऱ्याचे बूट घालून चिखलात चालू शकतो, एवढं डोक्यात ठेवा.

म्हणून तीन थर वेगळे ठेवायचे. कुठल्या मशीनवरून आलं, मशीनमागं माणसं कोण, आणि त्या माणसांमागं कुठलं सरकार. पहिल्याचा पुरावा तिसऱ्याला लागू होत नाही. आयपी पत्ता पाकिस्तानातला निघाला म्हणजे पाकिस्तान सरकार, अशी उडी मारू नका, सर्व्हर भाड्यानं कुणालाही मिळतो. हल्ल्याचे चार कोपरे कागदावर मांडा : करणारा, त्याची हत्यारं, त्यानं वापरलेले सर्व्हर आणि डोमेन, आणि बळी. एकाच जागी न थांबता चारही कोपरे वर्षानुवर्षं जुळत गेले तर नाव घ्यायला धीर येतो. एपीटी३६ या हॅकर गटाचं नाव पाकिस्तानशी जोडतात ते असंच, भारतीय लष्कर आणि सरकारी नोकर हेच बळी, क्रिमसन रॅट नावाचं मालवेअर हेच हत्यार, सरकारी ‘कवच’ ॲपच्या नावानं बनावट ॲप, आणि एप्रिल २०२५ च्या पहलगाम हल्ल्यानंतर लगेच त्याच नावाची बनावट कागदपत्रं. एक गोष्ट सांभाळा, याच गटाला कुणी ट्रान्स्परंट ट्राइब म्हणतं कुणी मिथिक लेपर्ड, त्यामुळं तीन रिपोर्ट म्हणजे तीन गट असं मोजू नका.

पायरी ६ : किती खात्री आहे ते आकड्यात लिहा

आपल्या मराठी बातम्यांमधलं लाडकं वाक्य, ‘सायबर हल्ल्याची शक्यता नाकारता येत नाही’. माझी हात जोडून विनंती आहे की हे वाक्य विश्लेषणात लिहू नका. कसलीच शक्यता नाकारता येत नाही, मग सांगितलं काय?

१९५१ ची गोष्ट आहे. सीआयएच्या शर्मन केंट यांच्या ऑफिसनं युगोस्लाव्हियावर हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ आहे असं लिहिलं. कुणीतरी विचारलं गंभीर म्हणजे किती, केंट म्हणाले माझ्या मते ६५ टक्के. मग त्यांनी अहवाल लिहिणाऱ्या आपल्याच सहकाऱ्यांना विचारलं तर उत्तरं २० टक्क्यांपासून ८० टक्क्यांपर्यंत आली! एका वाक्याखाली सगळ्यांनी सही केली होती आणि प्रत्येकाच्या डोक्यात वेगळाच अर्थ.

आमच्या लाँग बुकाच्या पहिल्याच पानावर ठरवून टाकलंय : ‘जवळजवळ नक्की’ म्हणजे ९५ च्या पुढं, ‘बहुधा’ म्हणजे ६० ते ८०, ‘सांगता येत नाही’ म्हणजे ४० ते ६०, ‘बहुधा नाही’ म्हणजे २० ते ४०, मधल्या जागी सरळ आकडा. आणि त्याशेजारी दुसरा रकाना, या उत्तरामागं पुरावा किती भक्कम आहे : कमी, मध्यम, जास्त. मामांना मी सांगितलं, एटीएम चालू राहतील, ९५ टक्के, पुरावा मध्यम. उरलेल्या पाच टक्क्यांसाठी आत्ता रात्री बाहेर पडायची गरज नाही, सकाळी बँकेत जा. सकाळी गेले, पैसे मिळाले, पगार झाला. ते पाच टक्के मात्र मी आजही तसेच लिहीन, कारण बँकेवर खरा हल्ला होऊ शकतो हे ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेत दिसलं होतं, दोन दिवसांत ९४ कोटी गेले, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले.

पायरी ७ : सांगायचं कुणाला, आणि कशाला हात लावायचा नाही

इथवर बातमी तपासली. पण घटना तुमच्याच ऑफिसात घडली तर? आपले बरेचसे टॉवेल न्हावाशेवा बंदरातून परदेशी जातात, आणि जून २०१७ मध्ये नॉटपेट्या हे मालवेअर पसरलं तेव्हा तिथलं मर्स्क या जहाज कंपनीचं टर्मिनल ठप्प झालं होतं, हल्ल्याचं लक्ष्य युक्रेन होतं तरी. त्यामुळं आपण कुणाच्या डोळ्यावर नाही असं समजू नका.

ओळखीच्या एका कारखान्यात ऑफिसच्या पीसीवर सगळ्या फायली लॉक झाल्या. घाबरून कुणीतरी दुपारीच पीसी फॉरमॅट केला, आणि संध्याकाळी आम्ही पोचलो तेव्हा बघायला काहीच शिल्लक नव्हतं, कुठून शिरलं तेही कळलं नाही, महिन्याभरात दुसऱ्या पीसीवर तेच झालं. तर नेटची वायर काढा, वायफाय बंद करा, मशीन चालूच ठेवा, स्क्रीनचा मोबाइलवर फोटो घ्या, वेळ लिहा. फॉरमॅट करू नका. संशयित फाइलमध्ये ग्राहकांची माहिती असेल तर ती कुठल्याही ऑनलाइन स्कॅनरवर टाकू नका, तिथं ती दुसऱ्यांनाही मिळू शकते.

पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. हा नंबर सोलापूरकराला वेगळा पाठ करायला नको, इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉचं साल आहे ते. कंपनी, फर्म, संस्था असाल तर सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणं ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायच्या असतात, लॉग, म्हणजे मशीनवर काय काय झालं त्याच्या नोंदी, १८० दिवसांचे ठेवायचे असतात आणि सगळ्या मशीनची घड्याळं एकाच प्रमाणवेळेला लावायची असतात. वीज, बँक, टेलिकॉम अशा अत्यावश्यक यंत्रणांसाठी २०१४ पासून एनसीआयआयपीसी ही वेगळी संस्था आहे. कळवताना तीनच परिच्छेद लिहा : आम्हाला काय माहीत आहे, आम्हाला काय वाटतंय, आणि कुठलं तपासायचं राहिलंय. या तिन्हींची सरमिसळ झाली की पुढच्या माणसाचे तास वाया जातात. वर रंग लिहा, लाल म्हणजे वाचणाऱ्यापुरतंच, अंबर म्हणजे संस्था आणि तिचे ग्राहक यांच्यापुरतं, तेही गरजेपुरतं, हिरवा म्हणजे आपल्या क्षेत्रातल्या लोकांपर्यंत, क्लिअर म्हणजे कुणालाही. जगभर हेच रंग चालतात.

पायरी ८ : पान बंद करू नका

प्रत्येक उत्तराखाली लिहायचं, काय दिसलं तर मी मत बदलेन, आणि परत कधी बघायचं ती तारीख. उत्तर लिहितानाच हे लिहायचं, कारण नंतर आपण आपल्याच बाजूनं वकिली करायला लागतो.

आमच्या वहीत १२ ऑक्टोबरच्या पानावर शाईनं लिहिलंय : क, ८० टक्के, पुरावा मध्यम. खाली पेन्सिलीनं : लोड डिस्पॅच सेंटरमधल्या मशीनवरून ब्रेकरला कमांड गेल्याचा लॉग कधी जाहीर झाला तर हे पान उघडायचं आणि ब पासून परत सुरुवात करायची. दर ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी आम्ही ते पान उघडतो, तासभर शोधतो, तारीख टाकतो आणि सही करतो.